२३ए वरची दिवाळी

दिवाळीत घर बंद ठेवून बाहेरगावी जायचं नाही, हा आमच्या आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, नियम. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, तो मोडलेला मी पाहिला नव्हता. मोडला तो लेकीपायी. धाकटी नणंद (आता सगळ्यांचीच 'आत्या') सिंगापुरात नोकरी करते, दोन वर्षं दिवाळीला आलेली नव्हती, आणि २०२५च्या दिवाळीतही तिच्या हातात शनिवार-रविवार आणि दीपावलीची सोमवारची सुट्टी एवढंच होतं. तेव्हा आपणच जावं असं ठरलं. पण ती राहते कुणाच्या तरी घरातल्या एका खोलीत, तिथे पाहुणा चालत नाही. तिकडे खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्यानं देणंच कायद्यात बसत नाही, आणि हॉटेलात दोन-तीन खोल्या घेण्याइतकी आमची ऐपत नाही. मलेशियातलं क्वालालंपूर सिंगापूरहून बसनं पाच-सहा तासांवर. मलेशियात भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. तीन बेडरूमचं अपार्टमेंट परवडेल अशा भावात मिळालं.

आईंनी दोन अटी घातल्या. घराला स्वयंपाकघर हवं. आणि पहिली अंघोळ उजाडायच्या आत झाली पाहिजे.

शनिवार, १८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी

रात्रीचं विमान, पाच तासांची अर्धवट झोप. निघण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचा एक फॉर्म असतो, तो आम्ही सहाही जणांचा एकाच बैठकीत भरला होता. त्यात बाबांची जन्मतारीख धाकट्याला लावली गेली आणि आठ वर्षांचा मुलगा कागदोपत्री चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला. वेळीच दिसलं म्हणून बरं.

विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटर लांब. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा. बाबा म्हणाले, "कोकणच की." पण ते नारळ नव्हते. बुटकी, दाट झावळ्यांची तेलमाडं होती, मैलोगणती. चकलीच्या तेलाचा डबा आठवला. आपल्याकडे येणारं पामतेल बरंचसं याच भागातून येतं.

आमची इमारत ब्रिकफील्ड्स भागात, केएल (म्हणजे क्वालालंपूर) सेंट्रल या मोठ्या स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. लिफ्टमध्ये धाकटा बटणं वाचायला लागला आणि अडकला. ३, मग ३ए, मग ५. पुढे १३, १३ए, १५. चिनी भाषेत चारचा उच्चार मृत्यूसारखा होतो म्हणून इथे चार टाळतात. आमचं घर होतं २३ए वर. म्हणजे चोविसाव्यावर, हे धाकटा पुढचे सहा दिवस लिफ्टमधल्या प्रत्येक अनोळखी माणसाला सांगत होता.

घर छान होतं, उजेडाचं. मात्र जाहिरातीतली तिसरी बेडरूम म्हणजे एक कोठी निघाली; खिडकी नाही, एसी नाही, एक टेबल आणि घडीचा पलंग. मालकीणबाईंना मेसेज केला, तर "ती स्टडी-कम-बेडरूम आहे" असं उत्तर आलं. नवरा तिथे झोपला आणि परत येईपर्यंत तिचं नाव 'कम' असंच राहिलं. माणसं सात, ताटल्या सहा, ग्लास चार, सुरी एक. लिफ्ट चालवायची कार्डं दोन. या दोन कार्डांनी आमचे जेवढे वाद घडवले तेवढे पैशांनीही घडवले नाहीत. बाबा पहिल्याच दुपारी कार्डाविना खाली फिरायला गेले आणि तासभर लॉबीत अडकून बसले. तिथला सुरक्षारक्षक नेपाळी. या शहरातल्या इमारतींवर बरेच रक्षक नेपाळचेच दिसतात. बाबांचं हिंदी आणि त्याचं हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं. मी शोधत खाली गेले तेव्हा बाबा त्याच्या खुर्चीत बसले होते आणि तो उभा होता.

दुपारी आत्या आली. आई दारात तिला बघून काही बोलल्याच नाहीत, सरळ तिच्या हातातली पिशवी घेऊन आत गेल्या. मग स्वयंपाकघरातून आवाज, "तवा कुठाय?"

तवा नव्हता. शेगडी इंडक्शनची, काचेची. तेव्हा संध्याकाळी सगळे खरेदीला. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी निघताना फ्रिजवरचं जुळ्या मनोऱ्यांचं चुंबक काढून खिशात टाकलं. ब्रिकफील्ड्सच्या भांड्यांच्या दुकानात ते एकेका तव्याच्या बुडाला चुंबक लावून बघत होते. चिकटला तर इंडक्शनवर चालणार. दुकानदार तमिळ आजोबा आधी वैतागले, मग स्वतःच उरलेले तवे काढून देऊ लागले. चौथा चिकटला. "धनत्रयोदशीला भांडं घेतलं," आई म्हणाल्या. मुहूर्त आपोआप साधला.

सुपरमार्केटमध्ये दुसरीच मजा. मलय भाषा रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे आई पाट्या वाचत होत्या. भेंडीच्या ढिगावर 'बेंडी'. साखरेवर 'गुला'. कणकेच्या पिशवीवर 'तेपुंग आटा'. कापसाच्या पाकिटावर 'कापास'. "हे आपलेच शब्द ढापलेत की यांनी," असं आईंचं मत पडलं. आत्यानं ते सौम्यपणे दुरुस्त करायचा प्रयत्न केला: व्यापारी, संस्कृत, अरबी, पोर्तुगीज, कोण कुठून काय घेऊन आलं वगैरे. आईंनी ऐकून घेतलं. मत बदललं नाही. परतताना रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीपाशी बाबा थबकले. लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'बाहाया'. धोका. "भय!" बाबा एकदम खूश. चाळीस वर्षं त्यांनी 'सावधान'च्या पाट्या लावल्या, पण ही त्यांना जास्त आवडली.

रविवार, १९ ऑक्टोबर

यंदा धनत्रयोदशी आणि नरकचतुर्दशीच्या मध्ये एक रिकामा दिवस होता. तो बाटू केव्हज या गुहेतल्या देवळाला दिला.

केएल सेंट्रलहून लोकल थेट जाते. गाडीत बायकांसाठी गुलाबी पाट्यांचा डबा, त्यावर 'वानिता'. आई आणि माझी लेक ऐटीत त्यात चढल्या. पुरुषमंडळी पलीकडच्या डब्यात.

स्टेशनातून बाहेर पडलं की चुनखडकाचा कडा आणि त्यापुढे सोन्याच्या रंगाचा मुरुगन. १४० फूट उंच, २००६ साली उभा केलेला. त्याच्या बाजूनं गुहेत जाणाऱ्या २७२ पायऱ्या, २०१८ पासून इंद्रधनुष्यासारख्या रंगवलेल्या. फोटोत त्या भडक वाटतात. समोर उभं राहिलं की त्या पांढुरक्या कड्याला शोभतात, असं माझं मत झालं. नवऱ्याचं झालं नाही. लेकीची हाफ पँट पायथ्याशी नापास झाली आणि भाड्याचं लुंगीवजा वस्त्र गुंडाळावं लागलं. तिनं तोंड केलं, पण वर पोचेपर्यंत तिचे त्यातलेच वीस फोटो काढून झाले होते.

खरी अडचण आईंची. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी, आणि त्याचं दर्शन बायकांनी घ्यायचं नाही. कार्तिक पौर्णिमेला काय ती सूट. त्यांच्या आजीनं लहानपणीच बजावलेलं, वैधव्य येतं. आणि इथे समोरून बायकांची रांगच्या रांग वर चाललेली. डोक्यावर दुधाच्या कळशा, कडेवर पोरं, वेणीत मोगरा. दक्षिणेत ही बंदी मुळातच नाही. आई पहिल्या पायरीपाशी उभ्या राहिल्या. बाबा गुडघ्यांमुळे वर येणारच नव्हते. ते खालच्या कट्ट्यावर टेकले होते.

आईंनी त्यांनाच विचारलं, "जाऊ का मी वर?"

बाबा म्हणाले, "जा. मी इथेच आहे. येताना बघ, असलो तर बरं."

सगळे हसलो. आई हसल्या नाहीत, पण गेल्या. एकोणसत्तराव्या वर्षी २७२ पायऱ्या, मध्ये चार थांबे. गुहा खरोखर प्रचंड आहे. छत इतकं उंच की मधल्या मोकळ्या भागातून आभाळ दिसतं, वरून थेंब पडत राहतात, आणि कोंबडे इकडून तिकडे हिंडत असतात. खडक चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा. देऊळ मात्र १८९०च्या सुमाराला थंबुसामी पिल्लै या तमिळ व्यापाऱ्यानं सुरू केलेलं. आईंनी गाभाऱ्यासमोर हात जोडले, डोळे मिटून घेतले. "डोळे मिटले म्हणजे दर्शन झालं नाही, नमस्कार झाला," हे त्यांनी मला खाली उतरताना सांगितलं. बाबा होते. वडा खात होते.

उतरताना माकडानं लेकीच्या हातातलं चिवड्याचं पाकीट ओढलं. रेलिंगवर बसून त्यानं ते फाडलं, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वेचून खाल्ले आणि पोहे आमच्या अंगावर टाकले. "अगदी आपल्या धाकट्यासारखं," आई म्हणाल्या.

जेवण केळीच्या पानावर: भात, तीन भाज्या, पापड, रसम, आणि नको म्हणेपर्यंत वाढप. जेवण झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं, म्हणजे आवडलं असा अर्थ. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. तमिळ खानावळीत निर्धास्त असावं, पण बाहेर 'सांबल' नावाची लाल चटणी दिसली की विचारावं, कारण तिच्यात बहुधा 'बलाचान' म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा असतो. नारळी भाताच्या 'नासी लमाक'बरोबर तीच येते. आत्यानं ऐन वेळी आईंचा हात धरला होता.

रात्री नऊ वाजता अभ्यंगस्नानाची तयारी काढली आणि लक्षात आलं, घरात बादली नाही. काचेच्या कप्प्यात शॉवर, भिंतीत नळ, बस. आईंना शॉवरखाली अभ्यंगस्नान मान्य नाही. गरम पाणी तांब्यानं अंगावर घ्यायचं, मध्ये ओवाळायचं, पुन्हा घ्यायचं. शॉवरला ओवाळायला कुठे थांबवणार? नवरा कुरकुरत खाली गेला. मिस्टर डीआयवाय नावाची सगळं काही मिळणारी दुकानं इथे पावलोपावली असतात, त्यातलं एक बंद होता होता त्यानं गाठलं. बादलीला काय म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं हातानं आकार करून दाखवला. दुकानातली मुलगी म्हणाली, "बाल्दी?"

तो परत आला तो दारातूनच ओरडत. लाल बालदी, सोबत प्लॅस्टिकचा मग. माझी आजी बालदीच म्हणायची. साबणालाही मलयमध्ये 'साबुन', हे आम्ही तोवर न्हाणीघरातल्या बाटलीवर वाचलंच होतं.

सोमवार, २० ऑक्टोबर. नरकचतुर्दशी

आपली पहिली अंघोळ तोच इथला दीपावलीचा मुख्य दिवस, सार्वजनिक सुट्टीचा. तमिळ घरांतही पहाटे तेल लावून नाहतात. सूर्य इथे सातच्या सुमारास उगवतो, म्हणून साडेपाचला उठलो तरी चालणार होतं. पण साडेपाच म्हणजे आमच्या घरचे, नाशिकचे, पहाटेचे तीन. मुलं झोपेत चालत न्हाणीघरापर्यंत आली.

कारीट आणलं नव्हतं. परदेशात ताजी फळं न्यायची नाहीत हा नियम आत्यानं दहादा बजावला होता. मग नरकासुर फोडायचा कसा? शनिवारच्या खरेदीत आईंनी एक जाळीची पिशवी उचलली होती: सुपारीएवढी हिरवीगार, गोल लिंबं. नाव 'लिमाउ कास्तुरी'. कस्तुरी लिंबू. आकार, रंग, सगळं कारिटासारखं. डाव्या अंगठ्याखाली फुटलं तेव्हा सबंध घरभर संत्र्यासारखा वास सुटला. कारिटाच्या कडूपेक्षा मला हे बरं वाटलं. आईंनी जिभेला लावून बघितलं आणि आंबटानं एक डोळा मिटला.

सात अंघोळी, तेल आणि उटणं. पाचवीच्या वेळी पाणी तुंबलं. काचेच्या कप्प्यात घोट्यापर्यंत तळं, वर सुगंधी पिवळा तवंग. बाबांनी चमच्याच्या दांड्यानं जाळी उघडली, नवऱ्यानं हातानं चिखल उपसला आणि दोघंही परत नाहले. उटणं घेऊन परदेशी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

फराळाचं ताट घेऊन खाली गेलो तर लॉबीत मोठी थोरली रांगोळी. इथे तिला कोलम म्हणतात आणि रंगवलेल्या तांदळाची काढतात. मोर इतका सुबक की आई वाकून बघत राहिल्या, पण तांदूळ आहे कळल्यावर दोन पावलं मागे सरल्या. अन्नावर पाय पडायला नको. रक्षकाला लाडू-चकली दिली. तो म्हणाला, आमच्याकडे आज कुत्र्याचा दिवस. नेपाळात तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, पाच दिवसांचा. आज कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात, टिळा लावतात, गोडधोड खिलवतात. धाकट्याच्या डोक्यात ते इतकं भिनलं की दिवसभर तो रस्त्यावर कुत्रं शोधत होता. त्या दिवशी एकही भेटलं नाही.

ब्रिकफील्ड्सचं नाव विटांवरून पडलं. १८८१ साली आग आणि पूर या दोन्हींनी लाकडी-गवती क्वालालंपूर उद्‌ध्वस्त केलं, तेव्हा शहर विटा-कौलांनी पुन्हा बांधायचं ठरलं आणि विटांच्या भट्ट्या या भागात लागल्या. पुढे रेल्वे आली, तिच्याबरोबर तमिळ कामगार आले. आता इथे सांचीच्या धर्तीचं, भारतानं भेट दिलेलं तोरण उभं आहे. मुख्य रस्त्यावर आदल्या दोन्ही संध्याकाळी मुरुक्कूचे (तमिळ चकलीचे) डबे, साड्या, गजरे यांचे तंबू ओसंडत होते. आज मात्र निम्मी दुकानं बंद. ज्या खानावळींच्या भरवशावर आम्ही आलो, त्याही बंद. त्यांचीही दिवाळी आहे, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. परत २३ए, परत शेगडी. बाटलीनं पोळ्या लाटल्या.

आत्या रात्रीच्या बसनं जाणार, म्हणून भाऊबीज तीन दिवस आधी उरकली. खरी गुरुवारी. "यमाला सांगू, बहीण सिंगापुरात असते," आई म्हणाल्या आणि ताट तयार केलं. आत्यानं नवऱ्याला ओवाळलं. 'कम'मध्ये झोपून झोपून त्याची मान आखडली होती, त्यामुळे त्याला वाकता येईना. तीच चवड्यांवर उभी राहिली. बसपर्यंत सोडायला सगळे गेलो. आई नाही आल्या. दोन कार्डांपैकी एक घरी राहिलं पाहिजे, असं कारण दिलं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

सकाळी मी हिशेब केला. तीन दिवसांत आईंनी चार वेळचा स्वयंपाक केला होता, मी बारा वेळा भांडी घासली होती, आणि पोहण्याचा तलाव असलेल्या ३७व्या मजल्यावर आम्ही दोघी एकदाही गेलो नव्हतो. हॉटेल की अपार्टमेंट असं कुणी विचारलं तर पुरुष आणि मुलं अपार्टमेंटच म्हणणार. स्वयंपाकघराची अट आईंचीच होती, हे खरं. पण ती त्यांनी दुसऱ्यांच्या पोटासाठी घातली होती, आणि ते मला बुकिंग करतानाच कळायला हवं होतं. मी शेगडीचं बटण बंद केलं आणि सगळ्यांना खाली नाश्त्याला नेलं.

'रोती चानाइ' हा प्रकार पराठा आणि खाजं यांच्या मधला. कारागीर कणीक हवेत भिरकावून रुमालाएवढी पातळ करतो, घडी घालतो, तव्यावर टाकतो, सोबत डाळ. धाकट्यानं चार खाल्ल्या. 'तेह तारिक' म्हणजे हातभर उंचीवरून ओतून ओतून फेसाळवलेला, कंडेन्स्ड मिल्कचा चहा. बाबांना गोड लागला, आईंना फारच गोड लागला आणि त्यांनी दुसरा मागवला.

मग पेट्रोनास मनोरे. १९९८ साली पूर्ण झाले, ४५२ मीटर, ८८ मजले, काही वर्षं जगातले सर्वांत उंच. एक मनोरा जपानी कंपन्यांच्या गटानं बांधला, दुसरा कोरियन, दोघांची शर्यत लावून. बाबांना वर जायचं नव्हतं, फक्त खालून बघायचं होतं. दोन मनोऱ्यांना जोडणारा पूल ४१व्या-४२व्या मजल्यांवर आहे. तो मनोऱ्यांना घट्ट बसवलेला नाही, वाऱ्यात मनोरे डुलतात म्हणून सरकायला जागा ठेवली आहे, हे बाबांनी आम्हाला दोनदा समजावलं. मुलं आणि नवरा तिकीट काढून वर गेले. खालच्या बागेत आई एका बाकावर झोपल्या. खरंच, अर्धा तास गाढ.

दुपारी मी त्यांना ३७व्या मजल्यावर नेलं. पोहण्याच्या पोशाखाशिवाय पाण्यात उतरू नये, अशी पाटी. आई काठावर बसल्या, नऊवारी नव्हे, साधी पाचवारीच, ती घोट्यांच्या वर घेतली आणि पाय पाण्यात सोडले. समोर ६७९ मीटरचा मर्देका ११८ हा मनोरा ढगात शिरलेला. "रामकुंडावर बसल्यासारखं वाटतं," म्हणाल्या. थोड्या वेळानं, "तिथे इतकं स्वच्छ नाही."

संध्याकाळी प्रश्न पणतीचा. घराच्या नियमांत लिहिलेलं: आत काहीही पेटवायचं नाही. लक्ष्मीपूजनाला विजेची माळ आईंना चालेना. नवऱ्यानं मालकीणबाईंना घाबरत घाबरत मेसेज केला. त्या चिनी. उत्तर आलं: एकच लावा, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ठेवा, कुणीतरी बाजूला उभं राहा, माझी आईही स्वयंपाकघरातल्या देवाला रोज उदबत्ती लावते. तिसऱ्या बेडरूमचा माझा राग तिथे निम्मा झाला. स्टीलच्या सिंकमध्ये पणती ठेवली, आणि तिच्या उजेडानं ते सबंध भांडं आतून चांदीसारखं लखलखलं. बाबा पाण्याचा मग घेऊन शेजारी उभे. आईंनी आरती सिंककडे तोंड करून म्हटली. चोविसाव्या मजल्यावरून, म्हणजे २३ए वरून, बाहेर फटाके दिसत होते पण ऐकू जेमतेम येत होते.

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा

पावसाचा दिवस. पाडव्याचं ओवाळणं सकाळीच उरकलं. बाबांनी आईंच्या ताटात पाच रिंगिटची प्लॅस्टिकची नोट टाकली. रिंगिट हे इथलं चलन, तेव्हा वीस-एकवीस रुपयांचं, म्हणून ओवाळणी शंभराची. आईंनी नोट उजेडात धरून बघितली. "भिजली तरी चालेल," एवढंच.

जुन्या शहरात गोंबाक आणि क्लांग नद्यांचा संगम आहे, तिथूनच हे शहर सुरू झालं. 'क्वाला लुंपूर' म्हणजे चिखलाचा संगम. १८५७ साली कथलाच्या शोधात चिनी खाणकामगार इथवर होड्यांनी आले. संगमाच्या बेचक्यात १९०९ सालची जामेक मशीद, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, माडांमध्ये. सुंदर. आम्ही ती पुलावरून पाहिली, कारण त्याच क्षणी आभाळ फुटलं. नाशिकला चार दिवस पडतो तेवढा पाऊस एका तासात. संगमाचं पाणी डोळ्यांदेखत चढलं, तपकिरी झालं. परतीच्या टॅक्सीत बाबांना कळलं की या शहरात पुराचं पाणी वळवण्यासाठी जवळजवळ दहा किलोमीटरचा बोगदा आहे, आणि एरवी त्याच्या मधल्या भागातून मोटारी धावतात. मोठा पूर आला की मोटारी बाहेर काढून पाणी सोडतात. २००७ साली सुरू झाला. बाबांनी टॅक्सीवाल्याला त्याच बोगद्यातून न्यायला सांगितलं. वाट वाकडी होती, भाडं जास्त पडलं, आणि आत बघण्यासारखं काहीही नव्हतं. बाबा समाधानी.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

सकाळचं विमान. तवा कपड्यांत गुंडाळून बॅगेत. बालदी आईंनी घासून, उलटी करून न्हाणीघरात ठेवली. पहाटे साडेपाचला लेकीनं धाकट्याला ओवाळलं. तो निम्मा झोपेत होता आणि ओवाळणी द्यायची असते हे त्याला यंदाही आठवलं नाही.

आई म्हणाल्या, ताट विझवू नका. खाली घेऊ. मालकीणबाईंचा नियम आठवून निरांजन विझवलंच, कुंकू-अक्षता तेवढ्या घेतल्या. रक्षक रात्रपाळी संपवत होता. त्याच्याकडेही आजच भाईटीका. घरी दोन बहिणी आहेत, हे बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आम्हाला आत्ता कळलं. लेक पुढे झाली. त्यानं आधी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग खांबाच्या आड सरकला, टोपी काढली आणि मान खाली घातली. "आमच्यात सात रंगांचा लावतात," म्हणाला. लेकीकडे एकच रंग होता. तिनं तो जरा मोठा लावला. त्यानं खिशातून एक रिंगिट काढून तिच्या हातावर ठेवला, टोपी टिळ्यावर ओढून घेतली आणि आमच्या बॅगा डिकीत चढवल्या.

विमानतळावर मालकीणबाईंचा मेसेज आला. न्हाणीघराचा फोटो, त्यात लाल बालदी. तुमची वस्तू राहिली आहे, कुरियरनं पाठवू का?

नवऱ्यानं आईंना वाचून दाखवलं. "सांग तिला," आई म्हणाल्या, "राहिली नाही, ठेवली आहे."